बिनभाताच्या सुरळ्या

वारजे, पुणे
१० नोव्हेंबर २०२४

आत्या, पाया पडते.

पाकीट आलं की आधी कल्याणच्या हातून सोडवून घे. माझा भाऊ आहे म्हणून सांगते, तो उघडून वास घेत बसेल आणि गावभर करेल. आत जे काळे कागद आहेत ते कागद नाहीत. समुद्रातलं शेवाळ वाळवून लाटलेलं असतं, खायचं असतं. जपानातले लोक त्यात भात भरून सुरळी करतात, तिला सुशी म्हणतात. मी करते ती बिनभाताची. हे सगळं अण्णांसाठी.

कल्याण फोनवर म्हणाला की अण्णांची साखर उपाशीपोटी दोनशे ऐंशी निघाली. डॉक्टर म्हणाले भात बंद, तर अण्णा म्हणाले, "मंग जगून काय करू?" मला त्यांचं भाताचं वेड माहीत आहे. लहानपणी पाहुणा आला तरच घरात भात शिजायचा, म्हणून हाती चार पैसे आल्यावर त्यांनी दोन्ही वेळा भात लावला. त्यांना कोण बोलणार? पण आत्या, दोनशे ऐंशी म्हणजे खेळ नाही.

कर असं. फ्लॉवर किसून तांदळाएवढा बारीक कर आणि कोरड्या तव्यावर परत. मग फडक्यात बांधून घट्ट पिळ, पाणी राहिलं तर कागद फाटतो. त्यात पनीर कुस्करून घाल, लिंबू आणि मीठ घाल. कागदावर पातळ पसर, वरची दोन बोटं जागा मोकळी ठेव. मधोमध काकडीचे, गाजराचे लांब तुकडे आणि अंड्याच्या पोळीच्या पट्ट्या. सोबत बांबूची चटई पाठवलीय, तिनं दाबत दाबत अळूवडीसारखं गुंडाळ. कडेला पाण्याचं बोट लाव. सुरी ओली करून काप. पांढरं दिसतं, पोटही भरतं. मी सध्या रोज हेच खाते, मलाही डॉक्टरांनी भात बंद केलाय.

आणि हे माझ्याकडून आलंय हे अण्णांना सांगू नको. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही हा त्यांचा नेम तुला मी काय सांगावा. अकरा वर्षांत दोनदा आले माझ्याकडे. दोन्ही वेळा भाकरी आणि पाण्याची बाटली घरून घेऊन. गॅलरीत बसून त्यांनी आपली वाळकी भाकरी खाल्ली आणि मी मागं भरलं ताट घेऊन उभी होते. सोमेश्वर म्हणाला, राहू दे, मोठी माणसं आहेत. तो जावई, त्याला काय. माझा जीव किती तुटला ते मलाच माहीत.

तर कागद कुठून आले विचारलं तर काहीही सांग. तुझी,
तृप्ती


केदारखेडा
२३ नोव्हेंबर

तृप्ती, माझे बाई,

तुझं पाकीट कडूबा पोस्टमननं थेट माझ्या हातात दिलं. कल्याण जालन्याला बियाणं कंपनीच्या हापिसात गेल्ता म्हणून वाचलं. शेजारची गोजरबाई ओसरीवर बसल्ती. तिनं मला बहिरीला वहीत लिहून विचारलं, "तलाठ्याचा कार्बन पेपर काहून पाठवला पोरीनं?" मी म्हणलं, खायाचा हाय. तव्हापासून ती माझ्याकडं येड्यावानी पाहून राह्यली.

आता चूक सांगते, हसू नको. तू लिहिलं अळूवडीसारखं गुंडाळ. मी अळूवडीसारखी वाफेला बी ठेवली. झाकण काढलं तर चाळणीत काळा चिखल. अन् वास तर असा सुटला की सगळी आळी दारात. गोजरबाईच्या म्हशीला टाकलं, तिनं बी तोंड फिरवलं. तीन कागद गेले बाई वाया. मंग तुझं पत्र पुन्हा वाचलं, त्यात वाफ कुठंच न्हाई. दुसऱ्या खेपेला बराबर जमलं.

अण्णाला ताटात सहा वाढल्या. माझे कान गेल्यापासून घरात मला सांगायचं ते वहीत लिहून सांगतात, तसं त्यायनं लिहिलं, "दुर्गे, हे जळालेलं काय वाढलंस?" मी म्हणलं, दादा, कल्याणनं जालन्याहून आणलं, साखरेवर चांगलं असतंय म्हणे. त्यायनं एक तोंडात घातली. डोळे मिटून चावली. मंग जवसाची चटणी मागितली, तेल ओतलं, अन् सगळ्या खाल्ल्या. वहीत काय लिहिलं सांगू? "भात बरा हाय, जरा कच्चा राह्यला."

अगं, त्यायला तो गोबीचा कीस भातच वाटला! मी चुलीकडं तोंड करून इतकी हसले की डोळ्याला पदर लावला. आता रोज तेच करते अन् रोज सांगते, उद्या जरा जास्ती शिजवीन.

आता माझं ऐक. तुला डॉक्टरनं भात काहून बंद केला? तुझं वय काय साखरेचं हाय का? फोनवर मला काही ऐकू येत न्हाई, अन् मोबाईलवर तू लिहिलेलं सगळं घर वाचतं. आपलं खरं काय ते ह्या पत्रातच. तव्हा मला लपवू नको. तुझी आई गेली तव्हा तू सहा वर्षाची होतीस, मी तुला मांडीवर घेतलं ते अजून उतरवलं न्हाई.

तुझी
दुर्गाआत्या


पुणे
२ डिसेंबर

आत्या,

भात कच्चा राहिला! मी पत्र वाचताना एकटीच मोठ्यानं हसले, शेजारची अर्पिता बघायला आली काय झालं म्हणून. तिला सांगितलं तर तीही हसली. किती दिवसांनी हसले गं.

कागद संपले असतील तर कोबीचं मोठं पान गरम पाण्यातून काढून वापर, तेही चालतं. आणि मीठ कमी घाल.

तू विचारलंस. मला साखर नाही, घाबरू नको. डॉक्टरांनी वजन उतरवायला आणि भात, गोड सोडायला सांगितलंय. त्याला कारण आहे, पण ते मी आता लिहीत नाही. जानेवारी लागू दे. सांगण्यासारखं असेल तर सगळ्यात आधी तुला कळवीन. तोवर माझ्यासाठी देवाला हात जोड, पण तोंडानं काही बोलू नको. कुणापाशी म्हणजे कुणापाशीच नाही.

तृप्ती


केदारखेडा
२० डिसेंबर

माझ्या सोन्या,

मला कळालं. तू न लिहिता कळालं. तुझं पत्र घेऊन मी आरोग्य खात्याच्या आशाताई भावनाकडं गेले, नाव न्हाई सांगितलं, नुसतं विचारलं की तरण्या बाईला साखर नसताना भात काहून बंद करतेत. तिनं वहीत लिहिलं, दिवस गेल्यावर कुणाकुणाची साखर चढते आक्का, म्हणून आधीपासूनच जपतात. अन् तीन महिने झाल्याबिगर बाया बोलत न्हाईत. मंग तुझं ते जानेवारीचं मला बराबर उमगलं. बाई गं, मी वाटंनं रडत आले.

आता दुसरं सांगते, रागावू नको. माझ्याकडून बोलल्या गेलं.

झालं काय, अण्णा पिंपळगाव रेणुकाईला लग्नाला गेल्ते. तिथं पंगतीत खरा भात खाल्ला अन् घरी येऊन मला जाब विचारला. वहीत हे एवढ्या मोठ्या अक्षरात लिहिलं, "तू मला महिनाभर गोबी चारलीस?" ताट सरकवलं. खाली लिहिलं, मरू दे मला, पण भात खाऊन मरू दे. दोन दिवस हट्टानं भात खाल्ला. माझा बी तोल गेला. मी वराडले, दादा, नातवाचं तोंड पाहायचं का न्हाई तुला? तुझ्या लेकीला दिवस गेलेत!

 मंग त्यायनं वही घेतली अन् काही लिहिताच येईना, नुसता पेन धरून. म्हातारा माणूस असा रडताना मी तुझ्या आईच्या वेळेला बी पाह्यला न्हाई. दुसऱ्या दिवशी कल्याणच्या गाडीवर बसून रेणुकाईची ओटी भरायला मला घेऊन गेले. आल्यावर भाताचं पातेलं स्वतः उचलून माळ्यावर ठेवलं. खुणेनं सांगितलं, आता ते उतरवायचं न्हाई.

मी सगळं कबूल केलं, कागद बी तूच पाठवले ते. रागावले न्हाईत. लिहिलं, "तिला पाचवा लागला की पुण्याला जातो. तिच्या हातच्या सुरळ्या तिच्याच घरी बसून खातो. भाकरी बांधायची न्हाई." अकरा वर्षाची भूक हाय म्हणे.

अण्णाच्या पायाला जोडा घासून फोड आल्ता, तो बरा होऊन राह्यला. काळजी करू नको. जड उचलू नको, रिक्षात बसू नको.

तुझी आत्या


पुणे
३ जानेवारी २०२५

आत्या,

मला दिवस गेलेले नाहीत. गेले नव्हते.

तीन वर्षं आम्ही उपचार घेतोय. तुला लिहिलं नाही, कुणालाच नाही. दवाखान्यात गर्भ तयार करून पोटात ठेवतात, तसं दोनदा झालं, दोन्ही वेळा टिकला नाही. हा तिसरा आणि शेवटचा. त्यासाठी वजन उतरवलं, त्यासाठी भात सोडला, त्यासाठी त्या सुरळ्या. १८ डिसेंबरला गर्भ ठेवला. पंधरा दिवसांनी रक्त तपासून सांगतात. काल सांगितलं. नाही राहिला.

तुझं पत्र २७ तारखेला आलं, मी पलंगावर पडून होते. वाचून आधी अंगाची लाही झाली. मग काय झालं सांगू, मला वाटलं असू दे. आत्या बोलली, अण्णा ओटी भरून आले, आता देवाला माघार घेता यायची नाही. तुझं चुकीचं बोलणं माझ्या बाबतीत खरं होईल म्हणून मी गप्प बसले. अण्णांचा फोन आला. दोन मिनिटं नुसतं "जपून राह्य, जपून राह्य" म्हणत होते. मी म्हटलं, हो अण्णा. मी हो म्हटलं गं.

तुला सांगितलं होतं ना, कुणापाशीच नाही? तुझं हे तोंड! लहानपणापासून तू माझी एक गोष्ट पोटात ठेवली नाहीस.

आता तूच सांग त्यांना. तुझ्या तोंडानं गेलं ते तुझ्या तोंडानं परत आण.

तृप्ती


केदारखेडा
संक्रांत, १४ जानेवारी

तृप्ती,

तुझं पत्र वाचून दोन दिवस मी कामाच्या नादात राह्यले, बसले की डोळे भरून येत होते. तीन वर्षं तू एकटीनं हे सोसलं अन् मी इथं मनातलं पोरगं तुझ्या पदरात घालत बसले. तुला लागलेलं मला कळलं न्हाई, हे मला लई खातंय.

तू म्हणलीस सांग. मी तीनदा वही घेऊन अण्णापुढं बसले. एकदा त्यायनं मला दाखवलं, कापसाच्या वाती वळायच्या डब्यात त्यायनं रेणुकाईचं कुंकू तुझ्यासाठी पुडी बांधून ठेवलं. एकदा त्यायनं वहीत लिहिलं, भात सोडून महिना झाला, साखर एकशे ऐंशीवर आली. तिसऱ्यांदा मीच उठून आले.

बाई, मला जमत न्हाई. तू बी सांगू नको. त्या एका आशेवर त्यायनं भात सोडलाय. माझं पाप, मी फेडीन. पुढं मागं सांगू की टिकलं न्हाई, तसं होतंच की बायांना.

अण्णाचा पाय बरा हाय. तिळगूळ घे.

आत्या


पुणे
१६ फेब्रुवारी

आत्या,

अण्णांच्या तेराव्याला तू माझ्याजवळ बसलीस, पाठीवरून हात फिरवलास, पण एक शब्द बोलली नाहीस. मीही नाही. वहीत लिहावं असं वाटेना, चार माणसं वाकून वाचतात. म्हणून इथून लिहिते.

तू दोनदा लिहिलंस पाय बरा आहे. २९ जानेवारीला रात्री कल्याणचा फोन आला की अण्णांचा पाय घोट्यापर्यंत काळा पडलाय, जालन्यात स्टेशनकडच्या दवाखान्यात आणलंय, विष रक्तात गेलंय. मी सोमेश्वरला उठवलं नाही की काही नाही, आधी स्वयंपाकघरात गेले. का ते मला नीट सांगता येणार नाही. फ्लॉवर किसला, पिळला, शेवटचे चार कागद होते ते घेतले. सुरळ्या केल्या, डबा भरला आणि पहाटेची बस धरली. बारा वाजता तिथं पोचले.

तू खाटेच्या पायथ्याशी स्टुलावर होतीस. आम्ही काय बोललो ते तुला ऐकू गेलं नाही, आणि तू नंतर तीनदा नजरेनं विचारलंस. तर ऐक.

मी डबा उघडून त्यांच्या छातीवर धरला. म्हटलं, अण्णा, माझ्या हातच्या आहेत. त्यांनी वास घेतला. हसले. एक उचलली. मग म्हणाले, "आधी सांग, कितवा लागला?"

आत्या, मला खोटं बोलता आलं असतं. चौथा म्हणाले असते तर त्यांनी खाल्लं असतं. मी अख्ख्या रस्त्यात तेच पाठ करत आले होते, चौथा, चौथा. पण त्यांच्या हातात घास होता. घासावर खोटं बोलू नये हे तूच शिकवलंस ना?  मी म्हटलं, अण्णा, काही नाही. नव्हतंच. मला होणार नाही आता.

मी रडायला लागले. त्यांनी माझ्याकडं बघितलं. हातातली सुरळी डब्यात परत ठेवली, झाकण लावलं, दोन्ही बाजूंनी दाबून नीट लावलं, आणि भिंतीकडं तोंड केलं.

बस. एक शब्द नाही. दोन्ही वेळा गॅलरीत वाळकी भाकरी खाल्ली ते मी समजून घेतलं होतं. पण मरणाच्या दारात, माझं पोट असं रिकामं झालेलं ऐकूनही त्यांना नेम मोठा वाटला? मी डबा तिथंच ठेवून निघाले ते थेट बसस्टँडवर. तू मागून दारापर्यंत आलीस. मी वळून पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कल्याणनं बोलावलं म्हणून पुन्हा बस धरली, पण नगरपर्यंत पोचले तोवर ते गेले होते.

लोक म्हणतात बापावर राग धरू नये, तो गेला. मी काय करू? मला अजून ते झाकण लावताना दिसतात.

तृप्ती


केदारखेडा
२७ फेब्रुवारी

तृप्ती,

हे पत्र मी तीन वेळा फाडलं. आता फाडणार न्हाई.

तू गेल्यावर जे झालं ते मी तेरा दिवस तुझ्याजवळ बसून पोटात ठेवलं. तू म्हणतीस मी एक गोष्ट पोटात ठेवत न्हाई. ही ठेवली, अन् हीच ठेवायला नको होती.

तू रडत गेलीस, अण्णा भिंतीकडं तोंड करून. मला वाटलं त्यायनं नाकारलं. मला बी तुझ्यासारखंच वाटलं बाई. शेजारच्या खाटेवर आसराबाईचा नवरा होता, ती बिचारी सकाळपासून चहावर. मी म्हणलं अन्न वाया काहून घालायचं, पोरीनं जागून केलेलं. डबा तिला दिला. तिनं खाल्लं, दुवा दिली, डबा धुऊन आणून ठेवला.

दिवेलागणीला अण्णानं खुणेनं वही मागितली. ते पान मी फाडून ह्या पत्रात घातलंय. अक्षर वाकडं हाय, तुला वाचता येईल. न आलं तर मी इथं लिहिते.

आधी लिहिलं, "तृप्ती?" मी म्हणलं, गेली.

मंग लिहिलं, "डबा दे."

मी म्हणलं, दादा, तू तर झाकण लावलं. तुला नको होतं ना?

त्यायनं लई वेळ लावून लिहिलं. ओळ खाली उतरत गेली हाय बघ. "ती रडत होती. वाढणारी रडत आसली तर घास घेऊ नये. तिचं रडू थांबलं की खाणार होतो."

आपल्या घरात हे हायच की गं. तुझी आजी सांगायची, डोळ्यात पाणी आणून वाढलेलं अन्न खाणाऱ्याला न्हाई, वाढणारीला बाधतं. ते तुला बाधू नये म्हणून त्यायनं झाकण लावलं. तोंड भिंतीकडं केलं कारण त्यायलाच रडू आल्तं. मी पायथ्याशी होते, मला त्यायची पाठ हालताना दिसली, अन् मला वाटलं खोकला हाय.

मी सांगितलं, डबा मी देऊन टाकला. ते नुसते माझ्याकडं पाह्यले. रागानं पाह्यले आसते तर बरं झालं आसतं. मंग शेवटची ओळ लिहिली. "तिला बोलव. नेम सोडला म्हणावं. उद्या पुन्हा कर म्हणावं."

कल्याण औषधाला खाली गेल्ता. तो आल्यावर मी त्याला पान दाखवलं न्हाई. म्हणलं, पोरगी आत्ताच थकून गेली, बसमध्ये आसल, सकाळी फोन लाव. उद्याचा दिवस आपलाच हाय आसं धरून चालले. सकाळी त्यायला उचलून आत नेलं अन् दुपारी बाराला संपलं.

तू आलीस, मढ्यापाशी बसलीस, डोळ्यातून एक टिपूस न्हाई. मला कळत होतं तू काहून रडत न्हाईस. मी बोलायला पाह्यजे होतं. पण मंग सांगावं लागलं आसतं की तो डबा माझ्या हातानं गेला. दिवस गेल्याचं मीच उठवलं, पाय बरा हाय मीच लिहिलं, अन् बापाच्या तोंडचा घास बी मीच दुसऱ्याला दिला. एवढं सगळं एका बाईनं कोणत्या तोंडानं सांगावं? म्हणून पदर तोंडात धरून बसले.

तू मला माफ कर आसं मी म्हणत न्हाई. म्हणायची माझी लायकी न्हाई. पण बापावरचा राग सोड. तो माझ्यावर धर, मी जिती हाय, मला सोसता येईल.

आणखी एक. मी तुझी आई न्हाई, तरी अकरा वर्षं मी बी तुझ्या घरी पाणी पिले न्हाई. आईचा नेम आपण होऊन गळ्यात घातला, लई मोठेपणा वाटायचा त्याचा. कल्याण नऊ मार्चला कंपनीच्या कामानं पुण्याला येऊन राह्यला. मी त्याच्यासंगं येते. तुला लेकरू आसो की नसो. तू वाढशील तर खाते. न्हाई वाढलं तर दारातून पाहून जाते.

दुर्गा


पुणे
५ मार्च

आत्या,

पान मिळालं. किती वेळा वाचलं मोजलं नाही. सोमेश्वरनं शेवटी हातातून काढून घेतलं आणि प्लास्टिकच्या पिशवीत घातलं, अक्षर पुसायला लागलं होतं.

तुझ्यावर राग आहे. खोटं कशाला लिहू? तेरा दिवस तू माझ्या शेजारी होतीस आणि मी त्यांना मनातल्या मनात काय काय बोलत होते ते तुला कळत होतं. एक ओळ दाखवली असतीस तर मी त्यांच्यापाशी रडले असते. बाप गेल्यावर लेक जशी रडते तशी. ते राहून गेलं आत्या, ते आता कुठं जाऊन करू? काल रात्रभर रडले, पण इथं पुण्यात, महिनाभर उशिरा, कोण ऐकणार.

आसराबाईला घास मिळाला त्याचं वाईट वाटत नाही. तिला सांग, भेटली तर.

अण्णांचं हे असं कसं गं? मला बाधू नये म्हणून झाकण लावलं आणि ते मला सांगितलं नाही. एवढं तोंडानं बोलायला काय झालं होतं? तू बोलतेस तर नको ते बोलतेस, आणि ते बोलायचं तेच बोलले नाहीत. मी कुणावर गेले कळत नाही.

नऊ तारखेला ये. कल्याणला सांग, वाटेत थांबून तुला काही खायला घालू नको. मी नवे कागद आणलेत. त्या दिवसापासून फ्लॉवरकडं बघवत नव्हतं, आज मंडईतून एक घेऊन आले आणि ओट्यावर ठेवला आहे.

दोन ताटं वाढीन. एक तुझं, एक अण्णांचं. त्यांच्या ताटातलंही तुलाच संपवावं लागेल, नाही म्हणायचं नाही. आणि घाबरू नको. रडायचं ते मी आधीच रडून घेईन. वाढताना रडणार नाही.

तृप्ती